पुरात बुडालेल्या ॲम्बॅसेडरचे मीटर: काय उघडावं, काय उघडू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली १९७० च्या सुमाराची ॲम्बॅसेडर ऑगस्ट २०१९ च्या पुरात डॅशबोर्डपर्यंत पाण्यात होती. इंजिन आता चालू आहे, पण स्पीडोमीटरचा काटा थरथरतो आणि किलोमीटरचे आकडे फिरत नाहीत. पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही मीटर जास्त दाखवतात: निम्म्या टाकीला पाऊण, आणि रेडिएटर फारसा गरम नसताना काटा तांबड्याजवळ. नळीवर चालणाऱ्या ऑइल प्रेशरचा काटा हलत नाही. डायलवर गाळाचे डाग आहेत. नवे मीटर बसवावेत की हेच नीट होतील?

हेच नीट होतील, आणि हेच ठेवावेत. या मीटरमध्ये पितळ, ॲल्युमिनियम, पोलाद आणि काच याशिवाय फारसं काही नसतं. ते उघडता येतं, पुसता येतं, पुन्हा जुळवता येतं. बाजारात मिळणारा बदली स्पीडोमीटर दिसायला सारखा असला तरी केबलच्या फेऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं, आणि मग तो कायम खोटं बोलतो. पण मीटर लगेच उघडू नका. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींतल्या निम्म्या तरी मीटरच्या बाहेरच्या आहेत. काच काढली की धूळ, बोट आणि घाई तिन्ही आत शिरतात.

सुरुवात अर्थिंगपासून करा, म्हणजे गाडीच्या बॉडीतून जाणाऱ्या विजेच्या परतीच्या वाटेपासून. बॅटरीची तार काढण्यापूर्वी तिचं कोणतं टोक बॉडीला जातं ते पाहून लिहून ठेवा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असू शकतं, आणि पुढच्या दोन-तीन निर्णयांत याने फरक पडतो. मग पॅनेलच्या मागचे फोटो काढा आणि प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर नंबर द्या. मूळ रंगसंगतीत हिरवी तार इग्निशननंतरच्या फ्यूजवरून येते, हिरवी-काळी टाकीकडे जाते, हिरवी-निळी टेम्परेचरच्या सेंडरकडे (सेंडर म्हणजे माप घेऊन मीटरला कळवणारा भाग) आणि काळी अर्थला. पण पन्नास वर्षांत किती इलेक्ट्रिशियनांचे हात लागले असतील सांगता येत नाही, म्हणून रंगावर विसंबू नका, मल्टिमीटरने तपासा.

पंचगंगेचा गाळ फार बारीक असतो. तो तारांच्या जोडांत बसतो, वाळतो आणि पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो. प्रत्येक जोड सोडवून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने उजळवा. बहुतेक मीटरचा अर्थ त्यांच्या मागच्या पट्टीतून बॉडीला मिळतो. डॅशबोर्ड नव्याने रंगवला की रंगाच्या थराने हाच रस्ता बंद होतो, आणि ‘रंगकाम करून आणल्यापासून मीटर बिघडले’ ही तक्रार सुरू होते. प्रत्येक मीटरच्या डब्यापासून १ चौरस मिमी जाडीची वेगळी काळी तार ओढून ती बॉडीच्या खरवडलेल्या जागी दातेरी वॉशरखाली आवळा. हे अर्ध्या तासाचं काम अनेकदा सगळ्या दुरुस्तीइतकं मोलाचं ठरतं.

आता पेट्रोल आणि टेम्परेचर. दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेने चुकत असतील तर दोन्ही मीटर बिघडलेले नसतात. त्यांना वीज देणारी वस्तू बिघडलेली असते. आधी प्रकार ओळखा. चावी फिरवल्यावर काटा सावकाश, अर्ध्या-एक मिनिटात चढत असेल तर आत गरम होऊन वाकणारी द्विधातूची पट्टी आहे. काटा झटक्यात जागेवर येत असेल तर जुना चुंबकी प्रकार आहे. गरम पट्टीच्या मीटरना सरासरी १० व्होल्ट लागतात, आणि ते पॅनेलमागची एक छोटी डबी देते: व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्या आतही गरम होऊन उघडझाप करणारा संपर्क असतो. गाळाने किंवा गंजाने तो चिकटला की मीटरना थेट १४ व्होल्ट मिळतात. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १० ऐवजी १४ दिले की जवळपास दुप्पट. तुमची दोन्ही लक्षणं इथेच जुळतात.

तपासायला डिजिटल मल्टिमीटर फारसा कामाचा नाही, आकडे नुसते उड्या मारतात. स्टॅबिलायझरच्या आउटपुटला १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा. बल्ब लुकलुकला तर संपर्क चालू आहे, एकसारखा जळत राहिला तर चिकटलेला आहे, मुळीच पेटला नाही तर तुटलेला आहे. डबीचा अर्थ तिच्या पत्र्यातूनच जातो, म्हणून तोही तपासा. अर्थ गेला की आतली पट्टी गरमच होत नाही, संपर्क उघडत नाही आणि चांगली डबीही पूर्ण व्होल्टेज देत राहते. डबी उभी आणि मूळच्याच दिशेने बसवायची असते, आडवी बसवली की तिचं गणित बिघडतं.

जुनी डबी उघडून तिच्या आत ७८१० हा तीन पायांचा रेग्युलेटर बसवणं हा चांगला उपाय आहे. बाहेरून डबी मूळचीच दिसते. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, रेग्युलेटरची पाठ पत्र्याला स्क्रूने आवळा. हे निगेटिव्ह अर्थ असलेल्या गाडीसाठी. पॉझिटिव्ह अर्थ असेल तर ७९१० घ्यावा लागतो. त्याच्या पायांचा क्रम वेगळा असतो आणि त्याची पाठ पत्र्याला थेट लावता येत नाही, मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकची बाही लागते.

एक चूक कटाक्षाने टाळा: गरम पट्टीचं मीटर तपासण्यासाठी त्याचं एक टोक बॅटरीला आणि दुसरं थेट बॉडीला लावू नका. आतली गुंडाळी जळते, आणि ती पुन्हा गुंडाळणं फार कटकटीचं आहे. त्याऐवजी टाकीवरची तार काढून तिच्या आणि बॉडीच्या मध्ये ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा. मिनिटभरात काटा निम्म्याच्या आसपास यायला हवा. आला तर मीटर आणि वायरिंग ठीक आहेत, उरलेला दोष टाकीत.

टाकीतल्या सेंडरचं माप साधारण असं: भरलेल्या टाकीला २० ओहम, निम्म्याला ७० च्या आसपास, रिकाम्याला २४० च्या आसपास. चुंबकी मीटरच्या सेंडरचं उलट असतं, रिकाम्याला शून्याजवळ आणि भरलेल्याला ७० ते ९०. जुन्या बाजारातून आणलेला सेंडर लावल्यावर टाकी भरताच काटा खाली जात असेल तर कारण हेच. सेंडर बाहेर काढून दांडी हळूहळू फिरवा, ओहम सलग बदलायला हवेत. मध्येच आकडा तुटत असेल तर तारेवर गंज आहे. मऊ ब्रशने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, कारण तार केसासारखी बारीक असते.

दांडीच्या टोकाचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग, पितळी असेल तर कानाशी नेऊन हलवा. आत खुळखुळ ऐकू आली तर पेट्रोल शिरलं आहे. कढत पाण्यात बुडवला की भोकाच्या जागी बुडबुडे येतात, तिथे खूण करा. खुणेच्या विरुद्ध बाजूला छोटं भोक पाडून सगळं पेट्रोल काढा, दोन दिवस उघड्यावर वाळू द्या, पुन्हा पाण्याने धुवा आणि मगच विजेच्या कैयाने (सोल्डरिंग आयर्नने) दोन्ही भोकांना सोल्डरचा डाग द्या. ज्योत वापरू नका. इतका बारीक आणि हलका डाग जमत नसेल तर कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या चांदी कारागिराला दाखवा, त्यांचं रोजचं कामच या मापाचं असतं. पण फ्लोट पेट्रोलचा आहे हे आधी स्पष्ट सांगा आणि पूर्ण वाळवल्याशिवाय नेऊ नका. फ्लोट बुचाचा असेल तर सरळ बदला. बुचावर लाखेचा लेप असतो, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नवा लेप दिला तरी थोड्याच काळात बूच पेट्रोल पिऊन बुडू लागतं.

स्पीडोमीटरला मात्र वेळ द्यावा लागतो. त्याचं काम समजून घेतलं की दोष आपोआप सापडतात. गिअरबॉक्सकडून आलेली केबल आत एक चुंबक फिरवते. चुंबकावर, त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग. आकड्यांच्या चाकांना याच दांड्यावरून वेगळे दातेरी गिअर जातात.

काटा थरथरतो तेव्हा दहापैकी आठ वेळा दोष केबलचा असतो. आतली तार पूर्ण ओढून काढा, केरोसीनने धुवा आणि सपाट काचेवर ठेवून तळहाताने लाटण्यासारखी फिरवा. एखाद्या जागी उडी मारत असेल तर ती मुरगळलेली आहे, बदला. सरळ करून चालत नाही. नवी किंवा चांगली तार बसवताना पातळ लिथियम ग्रीसचा हात खालच्या दोन-तृतीयांश भागाला द्या, मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवा. फिरणारी तार ग्रीस वर चढवत नेते. ते वाटीत पोचलं की काटा एकदम वर जातो आणि परत येत नाही. बाहेरची केबल कुठेही १५ सेंमीपेक्षा लहान त्रिज्येत वळवू नका, विशेषतः मीटरच्या मागे. नट आवळण्यापूर्वी तारेचं चौकोनी टोक नटाच्या तोंडातून साधारण १ सेंमी बाहेर आलेलं हवं.

पुराच्या गाडीत मीटरही उघडावा लागेल. काचेची रिंग तीन खाचांवर फिरून निघते. आधी कडेने गंज सुटायचं तेल दोन थेंब द्या, रात्रभर ठेवा, मग दोन्ही हातांनी डावीकडे फिरवा. पेचकसाने उचकटली की रिंग कायमची वाकडी होते. काही मीटरांत रिंगची कड मागे दुमडलेली असते, ती बोथट पट्टीने एकेक सेंटिमीटर उचलत पूर्ण दोन-तीन फेऱ्यांत उघडा.

काम कुठे करता याला महत्त्व आहे. कारखान्यांच्या उद्यमनगरात लेथशेजारचं टेबल वापरू नका. हवेत लोखंडाचा कीस असतो आणि मीटरमध्ये उघडा चुंबक आहे. चिकटलेला एक कण वाटीला घासला तरी काटा अडतो. घरी, पंखा बंद करून, पांढऱ्या कापडावर काम करा. चुंबकावर कीस असेलच तर चिकटपट्टीने टिपून घ्या.

काटा काढण्यापूर्वी एक नोंद करायची असते, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. शून्यावर एक छोटी खुंटी असते, काटा तिच्यावर टेकून थांबतो. काटा हलकेच उचलून खुंटीवरून पलीकडे सोडा आणि तो मोकळा कुठे स्थिरावतो ते डायलवर लावलेल्या चिकटपट्टीवर पेन्सिलने लिहा. स्प्रिंगचा मूळ ताण म्हणजे शून्य ते ही जागा. काटा परत बसवताना तो आधी या जागी दाबायचा आणि मग खुंटीवरून वर आणायचा. थेट शून्यावर दाबला तर सगळे वेग चुकतात. काढण्यासाठी डायलवर पातळ प्लास्टिक कार्ड ठेवा आणि दोन चहाचे चमचे समोरासमोर सरकवून सरळ वर उचला.

आतला गाळ आधी डिस्टिल्ड वॉटरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने काढा. डायल आणि आकड्यांची चाकं मात्र अल्कोहोलपासून लांब ठेवा, छपाई क्षणात निघते. स्प्रिंगला ब्रशही लावू नका, नुसतं पाणी सोडा. मुख्य दांड्याच्या बुशला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब पुरे. वाटीच्या टोकांना काहीही लावायचं नाही.

आकडे फिरत नसतील तर बहुतेक वेळा वाळलेलं जुनं ग्रीस नाहीतर गंजलेला खटका हे कारण असतं. ग्रीस काढलं की यंत्रणा सुटते. जस्ताच्या ओतीव गिअरला तडा असेल तर दुसऱ्या मीटरातून घ्यावा लागतो. मूळ आकडा बदलू नका. गाडी पुढे कोणाकडेही गेली तरी तिच्या धावेची ती एकमेव नोंद आहे.

मीटर जुळवण्यासाठी डायलच्या तळाशी छापलेला छोटा आकडा शोधा. समजा ८८० आहे. डायल किलोमीटरची असेल तर त्याचा अर्थ किलोमीटरमागे केबलच्या ८८० फेऱ्या. म्हणजे ताशी ६० ला मिनिटाला ८८० फेऱ्या, ३० ला ४४०. जुन्या केबलचा बोटभर तुकडा बॅटरीच्या ड्रिलमध्ये धरून मीटर फिरवा आणि फेऱ्या लेझर टॅकोमीटरने मोजा. दिशा आधी गाडीवर पाहून घ्या, उलट फिरवलं की काटा वर चढत नाही. काटा सगळीकडे सारख्याच आकड्याने कमी असेल, समजा ३० लाही ५ ने आणि ६० लाही ५ ने, तर काट्याची बैठक चुकली आहे. फरक वेगाबरोबर वाढत असेल, ३० ला ३ आणि ६० ला ६, तर चुंबक क्षीण झाला आहे. तो स्प्रिंगच्या छोट्या पट्टीवर थोडा सावरता येतो. ही पट्टी केसभर हलवायची असते आणि चांगल्या घड्याळजीचा हात इथे उपयोगी पडतो.

गाडीची बाजूही पडताळा. टायरची हवा बरोबर ठेवा, गिअर न्यूट्रलला, केबल मीटरपासून सोडवून तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण लावा आणि गाडी सरळ रेषेत २० मीटर ढकला. बाणाच्या फेऱ्या गुणिले ५० म्हणजे किलोमीटरमागच्या फेऱ्या. १७.६ फेऱ्या आल्या तर ८८०. पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर टायरचं माप, मीटर किंवा गिअरबॉक्समधला केबलचा गिअर, यांतलं काहीतरी मूळचं नाही.

ऑइल प्रेशरच्या मीटरमध्ये वाकवलेली पोकळ नळी असते, दाब आला की ती सरळ होऊ पाहते. तुमचा काटा हलत नाही म्हणजे बहुधा जोडनळी गाळाने किंवा घट्ट झालेल्या तेलाने बंद आहे. नळी दोन्ही टोकांना सोडवून केरोसीन सोडा. मीटर टायरवाल्याच्या हवेवर ३० आणि ६० पौंडांना तपासता येतो. स्केलच्या पुढे दाब देऊ नका, एकदा ताणलेली नळी परत येत नाही.

टेम्परेचरचा सेंडर पातेल्यातल्या गरम पाण्यात तपासा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. काटा १०० दाखवत नाही म्हणून मीटर वाकवत बसू नका. ज्यांच्या गाडीत तारेऐवजी तांब्याची केसनळी (केसासारखी बारीक नळी) आहे त्यांच्यासाठी एवढंच: आत ईथर असतं, ते ३४.६ अंशांना उकळतं आणि फार भडकतं. नळी तुटली असेल तर बर्फ-मिठात नळीच्या टोकाचा धातूचा फुगा (बल्ब) थंड करून नवी नळी जोडतात, पण ते घरी करण्याचं काम नाही.

डायलबाबत माझं मत ठाम आहे: आकडे वाचता येत असतील तर मूळ डायल ठेवा. डिस्टिल्ड वॉटरने ओला केलेला कापूस न घासता फिरवा, आधी कडेला एका कोपऱ्यात करून पाहा. डाग थोडे राहिले तरी चालतील. छपाई गेलीच असेल तर हात लावण्यापूर्वी डायल १२०० डीपीआयला स्कॅन करा, संगणकावर नव्याने रेखून घ्या आणि मूळ चकतीवरच मॅट काळा रंग देऊन स्क्रीन प्रिंटिंग करा. व्हिनाइलचा स्टिकर लावू नका. त्याची कड दिसते, आणि उन्हात उभ्या गाडीत तो सुटून काट्याला अडतो. काट्याला रंग देताना एकच पातळ थर, कारण रंगाच्या वजनाने तोल बदलतो.

लष्करी लिलावातल्या जुन्या जीपचे मीटर कोणी उघडणार असेल तर थांबा. अंधारात चमकणाऱ्या त्या आकड्यांत रेडियम असू शकतं. चमक गेली म्हणून ते संपत नाही. चमकणारं रसायन झिजतं, रेडियम मात्र १,६०० वर्षांत फक्त निम्मं होतं. अशी डायल खरवडू नका, घासू नका, काच उघडू नका.

डब्याच्या आतला पांढरा रंग पुन्हा द्या, २.२ वॅटच्या मूळ बल्बचाही उजेड मग पुरतो. मोठा बल्ब डायल भाजतो. काच बंद करण्याचं काम आषाढ-श्रावणात करू नका, आतली ओल पुढे कायम काचेवर दिसते. कोरड्या दिवसाची वाट पाहा, उघडा मीटर रात्रभर सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा आणि सकाळी रिंग लावा. मागचं श्वासाचं छिद्र बुजवू नका.

शेवटी महामार्गावर सोबत्याच्या मोबाइलवर जीपीएस लावून ४०, ५० आणि ६० ला स्पीडोमीटर पडताळा. पेट्रोलसाठी टाकी रिकामी करून ५-५ लिटर भरत जा, दर वेळी दोन मिनिटं थांबून काटा कुठे आहे ते एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी गाडीच्या कागदांसोबत ठेवा.